प्लिकारे : शिडांची गोष्ट मोडली, चावी सापडली

एक लॅटिन क्रियापद घेऊन त्याचं लॅटिनमधून निघालेल्या भाषांत काय झालं, याचे तक्ते मी करतो. त्यातला ‘प्लिकारे’चा तक्ता संपत आला, असं मागच्या वेळी लिहिलं होतं. ते मागे घेतो.

नव्यांसाठी थोडक्यात: लॅटिन प्लिकारे म्हणजे घडी घालणं, दुमडणं. फ्रेंच प्लिये आणि इटालियन प्येगारे अजून त्याच अर्थावर आहेत. स्पॅनिश येगार, पोर्तुगीज शेगार म्हणजे मात्र पोहोचणं, आणि रोमानियन प्लेका म्हणजे चक्क निघून जाणं! तक्त्यात मी नेहमीची कथा लिहून मोकळा झालो होतो: खलाशी बंदराला लागल्यावर शिडं गुंडाळतात, सैनिक कूच करताना तंबू. तंबूंचं मला पटतं, आपणही गाशा गुंडाळतोच. शिडांनी मात्र आठवडाभर डोकं खाल्लं.

अडलं एगेरियापाशी. चौथ्या शतकाच्या अखेरीस ही बाई सिनाई, जेरुसलेमची यात्रा करते. तिच्या प्रवासवर्णनाचं हस्तलिखित १८८४ साली इटलीत अरेझ्झोला सापडलं. त्यात प्लिकारे येतं ते ‘जवळ येऊन ठेपणं’ या अर्थाने, आणि तेही खुष्कीच्या प्रवासात. शीड कुठेच नाही! मग त्याच घराण्यातलं लॅटिन ‘आप्लिकारे’ काढलं. टेकवणं, लावणं, नाव किनाऱ्याला लावणं यालाही हेच क्रियापद. झालं की! पोहोचण्याचा अर्थ इथून आला असणार. आपली होडी काठाला ‘लागते’, तसंच. शिडांची ओळ खोडली.

मेयर-ल्युब्केच्या कोशाची (लॅटिनमधून निघालेल्या भाषांचा व्युत्पत्तिकोश) छायाप्रत मागवली होती, तिच्यात नेमकी ‘प’ची पानं फिकी निघाली. फार चिडचिड झाली. रोमानियनसाठी डेक्सऑनलाइन ही शब्दकोशांची वेबसाइटच वापरा. फुकट आहे आणि अनेक कोशांतल्या नोंदी एकाखाली एक दिसतात. ‘मान लववणं’ यालाही प्लेकाच वापरतात, म्हणजे दुमडण्याचा अर्थ तिथे जिवंत आहे, हे तिथेच कळलं.

आता खरा आनंद. येगार-शेगारच्या खाली त्याच चालीच्या जोड्या मांडत होतो (आधी अर्थ, मग लॅटिन, स्पॅनिश, पोर्तुगीज): रडणं, प्लोरारे, योरार, शोरार. भरलेलं, प्लेनुस, येनो, शेयु. किल्ली, क्लाविस, यावे, शावे. शेवटच्या ओळीवर पेन थांबलं. कपाटाची चावी शेजारीच पडली होती. आपली चावी पोर्तुगीजांकडूनच आलेली! आज ते ‘शावे’ म्हणतात, पण जुन्या पोर्तुगीजमध्ये इथे ‘च’ होता, उत्तर पोर्तुगालच्या काही भागांत अजून आहे. म्हणजे तो जुना ‘च’ आपल्या तोंडी रोज असतो.

पुढचं लॅटिन क्रियापद क्वेरेरे (शोधणं) ठरलं होतं, ते आता थांबेल. आधी मराठी-कोंकणीत आलेले असे पोर्तुगीज शब्द गोळा करतो, ‘च’चे एका रकान्यात, ‘श’चे दुसऱ्या. गोव्याकडच्या मंडळींनो, घरातले जुने शब्द कळवा, आजी उच्चारायची अगदी तसे.