पाय कोणी शिवला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. लग्नात, डोंबिवली लोकलच्या लेडीज डब्यात, सोसायटीच्या हळदीकुंकवाला, प्रश्न तोच: "तू डॉक्टर नाहीस ना? मग ऑपरेशनला हात कसा लावतेस? चालतं का हे?"

चालतं. मी फिजिशियन असिस्टंट आहे, हृदयाच्या ओटीत. बायपाससाठी पायातली शीर काढायची, तिच्या फांद्या बांधायच्या, रक्त गोठू न देणाऱ्या हेपरिनच्या सलाईनने धुऊन सर्जन सरांच्या हाती द्यायची, मग पाय शिवायचा. तीन वर्षं शिकले, एक वर्ष इंटर्नशिप केली. हा अभ्यासक्रम काल उगवलेला नाही, १९९२ साली चेन्नईत डॉ. के. एम. चेरियन यांनी तो आपल्याकडे सुरू केला. आरोग्यसेवेतल्या डॉक्टरेतर व्यवसायांसाठी २०२१ साली केंद्रीय कायदा झाला, त्याच्या यादीतही आम्ही आहोत. अमेरिकेतला मामेभाऊ म्हणतो, "आमच्याकडे तर लायसन्स असतं." असतं. पण तिथेही लायसन्स मिळालं म्हणून थेट कात्री हातात येत नाही. काय काय करायची मुभा, हे प्रत्येक हॉस्पिटल वेगळं ठरवतं. त्याला प्रिव्हिलेज म्हणतात.

इतकं सांगून मी पूर्वी थांबायचे. समोरचा गप्प व्हायचा आणि मला जिंकल्यासारखं वाटायचं.

मग ते आजोबा आले. वय चौसष्ट, साखर वर्षानुवर्षं वाढलेली, तीन ग्राफ्ट, म्हणजे हृदयावर तीन नव्या वाटा जोडायच्या. डाव्या पायाची शीर मी काढली, पायही मीच शिवला. बाराव्या दिवशी मांडीखालची जखम उघडली. मधुमेहात असं होतं, हे पुस्तकातलं वाक्य मला पाठ होतं. पण त्या दिवशी मी घाईत होते का, चरबीचा थर नीट जुळवला होता का, हे मला आजही खात्रीने सांगता येत नाही. दुसरी केस बाहेर थांबली होती एवढं आठवतं.

मुलगा शांत माणूस. ओरडला नाही. फक्त विचारलं, "पाय कोणी शिवला?"

सर म्हणाले, "आमच्या टीमने." ऑपरेशन नोटमध्ये सरांचं नाव होतं, ज्युनियर डॉक्टरांचं होतं, भूलतज्ज्ञांचं होतं. माझं नव्हतं. वैद्यकीय अधीक्षकांनी माझी फाइल काढली. डिग्री, नेमणूकपत्र, हिपॅटायटिस बीच्या लसीची नोंद, बीएलएसचं, म्हणजे जीव वाचवण्याच्या प्राथमिक उपचारांचं सर्टिफिकेट, सगळं जागेवर. मी काय करू शकते असं सांगणारा एकही कागद नाही. पाच वर्षं मी पाय उघडत होते आणि त्या हॉस्पिटलच्या लेखी मी बहुधा जखम उघडी ठेवणारा रिट्रॅक्टर नुसता धरत होते.

खरं सांगू? मला पहिल्यांदा हायसं वाटलं. नाव नाही म्हणजे सुटले. लाज वाटली ती घरी परतताना, ठाण्याच्या पुढे कुठेतरी.

त्याआधी एचआरकडून क्रेडेन्शियलिंगचा, म्हणजे कोणाला काय येतं ते तपासून नोंदवायचा फॉर्म दोनदा आला होता. हॉस्पिटलांना दर्जाची मान्यता देणाऱ्या एनएबीएचची तपासणी जवळ आली की असे कागद फिरतात. मी तो ड्रॉवरमध्ये टाकला होता. वाटायचं, माझे हात सरांना माहीत आहेत, बाकीच्यांनी कशाला तपासायचे? त्या वेळच्या मला आज दोन शब्द सुनवावेसे वाटतात. पण तीही उलट बोलेल: फॉर्म भरला असता तर जखम उघडली नसती का? याला माझ्याकडे उत्तर नाही.

नंतर भरला. किती शिरा काढल्या, कोणाच्या हाताखाली, कोणाची सही. हॉस्पिटलच्या समितीने लिहून दिलं: "शीर काढणे व जखम बंद करणे, सर्जनच्या देखरेखीखाली." मी तो कागद लॅमिनेट करून ठेवलाय, हसा खुशाल.

पण देखरेख म्हणजे काय, ते कोणी सांगेल? मी पायाशी असते तेव्हा सर त्याच टेबलावर, दोन हातांवर, छातीच्या आतली धमनी सोडवत असतात. त्यांची नजर माझ्या कात्रीवर असेल तर त्या धमनीचं काय होईल? समितीतल्या एका ज्येष्ठ डॉक्टरांना विचारलं. म्हणाले, "सर खोलीत आहेत ना? झालं."

आजोबा सहा आठवडे ड्रेसिंगला येत राहिले. ड्रेसिंग मी करत असे. मला ते "डॉक्टरीणबाई" म्हणत. मी एकदाही सुधारलं नाही. मुलाच्या प्रश्नाचं उत्तरही दिलं नाही.

पहिल्या फॉर्ममध्ये गुंतागुंतीच्या रकान्यात मी त्यांची केस लिहिली होती. एचआरच्या मुलीने विचारलं होतं, "मॅडम, हे लिहायलाच हवं का?" यंदा त्या परवानगीचं नूतनीकरण आहे. रकाना तोच आहे. पण हिशेब मागितलाय गेल्या दोनच वर्षांचा, आणि आजोबा आता त्यात बसत नाहीत.