टेबलावरचा टॉवर: मोटरचा जोर पुरतो, रूळ पुरत नाही

उंच इमारतीचं वाऱ्यातलं डोलणं माथ्यावर धावणाऱ्या वजनाने, म्हणजे मोटरच्या गाडीने, कसं आवरतं ते टेबलावरच्या छोट्या टॉवरवर करून पाहतोय. आता गाडी डोलण्याला खरंच आवरते आहे, पण गाडं अडलंय ते रुळाच्या लांबीवर.

नव्यांसाठी मांडणी थोडक्यात. स्टीलच्या पट्ट्यांवर उभा केलेला १० सेंमी रुंद चौकोनी टॉवर, वारंवारता १.६ हर्ट्झ (सेकंदाला १.६ वेळा डोलतो). माथ्यावर ६ सेंमी रूळ, त्यावर ९० ग्रॅमची गाडी, स्टेपर मोटर (ठरावीक टप्प्यांनी फिरणारी), प्रवेग मोजणारा एमपीयू-६०५० सेन्सर आणि हे सगळं चालवणारी ईएसपी३२ ही छोटी संगणक-चिप. वारा टेबलफॅनचा. मध्ये सरबताच्या स्ट्रॉ एकमेकींना चिकटवून केलेली जाळी, नाहीतर पात्यांची गरगरती हवा थेट अंगावर येते. पंखा अगदी हळू ठेवला (साधारण १.३ मीटर प्रतिसेकंद) की टॉवर वाऱ्याच्या दिशेत न हलता आडवा डोलतो, कारण दोन्ही कडांवरून आळीपाळीने सुटणारे भोवरे त्याच्या तालात येतात. वेग वाढवला तर डोलणं उलट कमी होतं! पाहणाऱ्याला हे आधी पटतच नाही.

नियंत्रणाचं गणित कागदावर भीतीदायक दिसतं, स्टेपरला मात्र सोपं जातं. डोलणं शोषायचं तर गाडीचा प्रवेग टॉवरच्या वेगाच्या प्रमाणात हवा, म्हणजेच गाडीचा वेग टॉवरच्या विस्थापनाच्या प्रमाणात. एकाच वारंवारतेला विस्थापन म्हणजे उलट चिन्हाचा प्रवेग, भागिले ओमेगा वर्ग (ओमेगा म्हणजे २π गुणिले वारंवारता). त्यामुळे सेन्सरचा आकडा गाळून, चिन्ह पालटून थेट स्टेप-रेटला, म्हणजे मोटरच्या टप्प्यांच्या वेगाला, द्यायचा. प्रवेगाची बेरीज करत वेग काढायला (इंटिग्रेशन) नको, त्यात साचत जाणारी चूक (ड्रिफ्ट) नाही.

खरा वेळ गेला तो गाळणीत. एमपीयूचा आतला ५ हर्ट्झचा फिल्टर १९ मिलिसेकंद उशीर करतो, आमच्या तालात सुमारे ११ अंश. ४४ हर्ट्झवर नेला की उशीर ५ मिलिसेकंदांच्या आत. बाकी काम बँडपासचं, म्हणजे आमच्या तालाच्या आसपासचंच सोडणाऱ्या गाळणीचं; तिचा पट्टा किती अरुंद ते क्यू सांगतो. क्यू ८ ठेवला तेव्हा आलेख देखणा आला, पण माथ्यावर वजन ठेवून वारंवारता ८ टक्के उतरवली की फेज (गाडी आणि टॉवरच्या तालाचा मेळ) ५० अंशांच्या वर सरकली आणि गाडीचा निम्मा जोर वाया. क्यू २ वर तीच सरक १८ अंशांच्या आसपास. आलेख ओबडधोबड आहे, असू दे.

आता रूळ. ५ टक्के डॅम्पिंग (डोलणं शोषण्याची ताकद) वाढवायला टॉवर ८ मिमी डोलला तर गाडी ११ मिमी धावते. टॉवर २२ मिमीच्या पुढे गेला की गाडी टोकाला आदळते, आणि तो दणका टॉवरलाच बसतो. म्हणून गाडी टोकाकडे जाऊ लागली की गेन, म्हणजे सेन्सरच्या आकड्याला गाडी किती जोरात उत्तर देते ते, उतरवतो. मोठ्या डोलण्यात थोडं कमी आवरलं तरी चालेल, आदळायला नको.

खऱ्या इमारतींतही हेच दुखणं, त्याहून वाईट. प्रवेग तेवढाच ठेवून वारंवारता दसपट उतरली तर वजनाची धाव शंभरपट लागते. ज्या ७६ मजली, ३०६ मीटर उंच मेलबर्न टॉवरच्या आराखड्यावर जगभरचे अभ्यासक आपापले कंट्रोलर ताडून पाहतात, त्याची पहिली वारंवारता ०.१६ हर्ट्झ. तिथे ५०० टनांच्या डॅम्परला (डोलणं शोषणाऱ्या वजनाला) धावेची कमाल मर्यादा ९५ सेंमी घातलेली आहे. नुसतं 'डोलणं किती टक्के घटलं' असं लिहिणाऱ्यांनी धावही सोबत लिहावी, एवढंच माझं मागणं.

पुढचं काम पिळाचं. पंखा जरा बाजूला सरकला की टॉवर डोलता डोलता पिळतो, आणि एका गाडीला तो दिसतच नाही. टोकियोच्या ११ मजली क्योबाशी सेइवा इमारतीत १९८९ मध्येच दोन वजनं बसवली होती, ४ टनांचं आडव्या डोलण्यासाठी, १ टनाचं पिळासाठी. दुसरी छोटी गाडी माथ्याच्या कडेला बसवतोय. सेन्सरही दोन लागतील, दोन्ही कडांना एकेक.