शतपावली

परवा दुपारी, बाहेर डांबर पाघळत असताना, पुण्याहून सुट्टीला आलेला भाचा लॅपटॉपवर कुणाच्या तरी घरात शिरला होता. खेळातल्या त्या घराबाहेर धो धो पाऊस, आत सामसूम. मीही शेजारी बसलो, म्हटलं आता बंदुका निघतील.

"शत्रू कधी येतो रे?"

"येत नाही, मामा. नुसतं फिरायचं. कप्पे उघडायचे, चिठ्ठ्या वाचायच्या."

खेळाचं नाव 'गॉन होम'. साल १९९५. वर्षभर युरोप फिरून एक मुलगी ऑरेगनमधल्या घरी मध्यरात्री परतते, तर घरात चिटपाखरू नाही. अशा खेळांना 'वॉकिंग सिम्युलेटर' म्हणतात; आधी हेटाळणीनं म्हणत, मग तेच नाव चिकटलं. मला त्यात सगळ्यात काय आवडलं असेल, तर उचललेली वस्तू होती तिथे परत ठेवायची सोय. आमच्या बडोद्यातल्या दांडिया बाजारच्या घरात काकूच्या कपाटाला हात लावला की स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "होतं तिथे ठेव!" इथे कुणी ओरडत नाही. दुसऱ्याच्या घरात मनसोक्त उचकापाचक, तीही पंख्याखाली बसून.

रात्री भाचा झोपल्यावर मी एकट्यानं असले आणखी दोन खेळ खेळलो. (बायकोला ऑफिसचं काम आहे असं सांगितलं.) पण हळूहळू कंटाळा यायला लागला. एक तर सगळीकडे माणसं गायब. हलतीबोलती माणसं करणं खर्चाचं, हे कळतं, पण आमच्या वाड्यात इतका वेळ कुणी फिरला असता तर चार जणांनी "कोण रे तू?" विचारून चहाही पाजला असता. दुसरं म्हणजे चाल. 'एव्हरीबडीज गॉन टू द रॅप्चर'मध्ये इंग्लंडातल्या श्रॉपशरचं अख्खं ओस गाव गोगलगाईसारखं हिंडायचं. लोक इतके वैतागले की शेवटी कंपनीनं सांगितलं, अहो, एक बटण दाबून धरलं तर जरा भरभर चालता येतं. आधी सांगितलंच नव्हतं!

आबांचंही चालणं तसलंच. जेवण झालं की सूरसागर तलावापर्यंत शतपावली, माझं बोट धरून. म्हणायचं शतपावली, लागायचा तास. तेव्हा तलावात महादेवाचा पुतळा नव्हता, नुसतं काळं पाणी. अरविंद आश्रमापाशी आले की, "अरविंदबाबू १८९३ ते १९०६ बडोद्यात होते, बरं का." म्युझिक कॉलेजसमोर गवई मौलाबक्ष आणि १८८६ची गायनशाळा. रोज तेच, त्याच खांबापाशी, त्याच शब्दांत. एखाद्या दिवशी दुसऱ्या गल्लीनं गेलो तर मौलाबक्ष नाहीतच. खेळातही अगदी हेच होतं: ठरलेल्या जागी पाय पडला की गोष्ट सुरू, नाही पडला तर ती गोष्ट तुमच्यासाठी घडलीच नाही. आणि मध्येच काही विचारायची सोय दोन्हीकडे नाही. मला तर गोष्टीपेक्षा परतीच्या वाटेवरच्या सेवउसळीची चिंता असायची.

'फायरवॉच'मध्ये निदान वॉकीटॉकीवर कुणीतरी बोलतं, आपणही उत्तर निवडू शकतो. निवडून शेवटात फारसा फरक पडत नाही म्हणून भाचा चिडतो. मला त्याचं काही वाटलं नाही. उत्तर द्यायला मिळालं, एवढंच मला पुष्कळ झालं.

कधी कधी आम्ही मांडवीपर्यंत जायचो. तेव्हा एरवी रेंगाळणारे आबा घडियाळी पोळ नावाच्या गल्लीच्या तोंडाशी आले की एकदम झपाझप चालायचे. माझं बोट ओढलं जायचं, पायातली चप्पल निसटायची. तिथली गोष्ट त्यांनी कधी सांगितली नाही. त्या रात्री खेळ बंद करताना हे आठवलं, तेही भरभर चालायच्या त्या बटणावरून.

सकाळी आईला विचारलं, "आबा घडियाळी पोळीपाशी भरभर का चालायचे गं?"

तिनं हातातली लसूण खाली ठेवली. मग म्हणाली, "चहा टाकू का अजून?"