पाणी मागून आणि खालून

पुण्यातील एका कार्यालयीन इमारतीच्या चौथ्या मजल्यावरून सलग दोन उन्हाळे एकच तक्रार येत होती. एएचयूचा (एअर हँडलिंग युनिट, म्हणजे हवा थंड करून मजल्यावर सोडणाऱ्या यंत्राचा) पंखा चालू होता, फिल्टर स्वच्छ होते, चिलरचे, म्हणजे पाणी थंड करणाऱ्या यंत्राचे, पाणी ७ अंश सेल्सिअसला कॉइलपर्यंत (हवा ज्यावरून जाऊन गार होते त्या नळ्यांच्या संचापर्यंत) पोहोचत होते, आणि तरीही कॉइलमधून निघणारी हवा १३ अंशांऐवजी १६ अंशांवरच अडून बसत होती. देखभाल करणाऱ्यांनी कॉइल दोनदा रसायनाने धुतली होती आणि शेवटचा उपाय म्हणून बॅलन्सिंग व्हॉल्व्ह (पाण्याचे प्रमाण ठरवणारी झडप) पूर्ण उघडून पाणी वाढवले होते. त्याचा परिणाम एवढाच झाला की रिटर्नचे, म्हणजे कॉइलमधून परतणारे, पाणी १२ अंशांऐवजी १० अंशांनीच चिलरकडे परत जाऊ लागले. हवा गार होत नसताना पाणी मात्र थंडच परतत असेल, तर माझा पहिला संशय पाण्याच्या प्रमाणावर जात नाही, पाण्याच्या दिशेवर जातो.

इन्सुलेशनवरचे बाण न पाहता मी पाइप हाताने चाचपत हेडरपर्यंत (कॉइलच्या नळ्यांना पाणी वाटणाऱ्या किंवा त्यांतून गोळा करणाऱ्या उभ्या पाइपापर्यंत) गेलो, तेव्हा सप्लायचा, म्हणजे थंड पाणी आणणारा, पाइप हवा आत शिरते त्या बाजूच्या हेडरला जोडलेला आढळला. वास्तविक तो मागच्या, म्हणजे हवा बाहेर पडते त्या बाजूच्या हेडरला जोडलेला असायला हवा होता. चिल्ड वॉटर कॉइलमध्ये तांब्याच्या नळ्यांच्या चार, सहा किंवा आठ रो (ओळी) एकामागे एक असतात; हवा पहिल्या रोपासून शेवटच्या रोकडे जाते आणि पाण्याने शेवटच्या रोपासून पहिल्या रोकडे यायचे असते.

याचे कारण साध्या आकडेमोडीने कळते. हवा २६ अंशांनी येऊन १३ अंशांनी जावी आणि पाणी ७ अंशांनी येऊन १२ अंशांनी जावे, अशी अपेक्षा धरू. पाणी मागून आले, तर मागच्या टोकाला हवा आणि पाणी यांत ६ अंशांचा आणि पुढच्या टोकाला १४ अंशांचा फरक राहतो. म्हणजे प्रत्येक रोला काही ना काही काम मिळते. पाणी पुढून आले, तर पहिल्या रोपाशी १९ अंशांचा भरघोस फरक असतो, पण शेवटच्या रोपाशी १३ अंशांची हवा आणि १२ अंशांचे पाणी समोरासमोर येतात, आणि एका अंशाच्या फरकावर उष्णता फारशी हलत नाही. हवेतील बाष्प बाजूला ठेवून दोन्ही टोकांच्या फरकांची लॉगरिदमी सरासरी (उष्णतेच्या हिशेबात वापरतात ती) काढली, तर पहिल्या मांडणीत ती सुमारे ९.४ आणि दुसऱ्या मांडणीत सुमारे ६.१ अंश येते, म्हणजे तेच काम करायला दीडपटीहून थोडी मोठी कॉइल लागेल. बाष्प हिशेबात घेतले, तर नुकसान अधिकच जाणवते, कारण हवा कोरडी करण्याचे बरेचसे काम मागच्या थंड रोंवर होत असते. म्हणूनच त्या मजल्यावरची तक्रार जुलैमध्ये ‘गरम होते’ वरून ‘दमट वाटते’ वर सरकत असे.

दुसरा नियम उंचीचा आहे. सप्लाय हेडरला खालून आणि रिटर्न हेडरमधून वरून पाणी घेतले, की नळ्यांतली हवा पाण्याबरोबर वर सरकते आणि हेडरच्या माथ्यावरील एअर व्हेंटमधून निघून जाते. शिवाय सर्वांत खालच्या सर्किटला (एका हेडरपासून दुसऱ्यापर्यंतच्या नळ्यांच्या वाटेला) सप्लायचा रस्ता जवळचा, तर रिटर्नचा लांबचा पडतो, आणि सर्वांत वरच्या सर्किटचे नेमके उलटे होते. त्यामुळे सर्व सर्किटांची एकूण वाट जवळजवळ सारखी होऊन पाणी आपसूक समान वाटले जाते. वरच्या सर्किटांत हवा अडकली, तर तेवढा भाग बंद पडल्यासारखाच असतो, आणि कॉइलचा वरचा पट्टा कोरडा राहिलेला पाहून ते ओळखता येते.

मग फिटरची चूक कुठे झाली? तो शांतपणे म्हणाला, “साहेब, कंपनीचं लेबल बघूनच जोडलंय.” ते खरेही होते. कॉइल डाव्या हाताची, म्हणजे जोडण्या डावीकडे असलेली, आली होती आणि पाइपांची शाफ्ट (पाइप वर-खाली नेणारी उभी पोकळी) उजवीकडे होती, म्हणून कोणीतरी ती उभ्या अक्षाभोवती फिरवून बसवली होती. तशी फिरवली, की जोडण्या उजवीकडे येतात, पण मागचा हेडर पुढे येतो, आणि ‘इन’चे लेबल त्याच्याबरोबर हवेच्या तोंडाशी जाते. फिटरने ‘सप्लाय खालून’ हा नियम पाळला आणि ‘सप्लाय मागून’ हा मोडला. कॉइल कशीही फिरवली, तरी दोन्ही नियम एकदम जुळत नाहीत. डाव्या पायाची चप्पल उलटी-पालटी केली म्हणून उजव्या पायाची होत नाही.

नवी कॉइल मागवायला खर्च मंजूर नव्हता, म्हणून दोहोंपैकी एक नियम सोडणे भाग होते, आणि मी उंचीचा सोडला. एका रविवारी चिलर बंद ठेवून कॉइल आणि व्हॉल्व्ह यांच्यामधले दोन पाइप एकमेकांवरून वळवून घेतले. स्ट्रेनर (गाळणी) सप्लायवर आणि कंट्रोल व्हॉल्व्ह रिटर्नवर होता तसाच राहिला. आता पाणी मागच्या हेडरला वरून शिरते आणि पुढच्या हेडरमधून खालून निघते. वाटणी अजूनही समान आहे, परंतु हवा आपोआप निघून जाईल याचा भरवसा नाही, त्यामुळे दोन्ही हेडरच्या माथ्यावर हाताने उघडायचे व्हेंट ठेवले. बॅलन्सिंग व्हॉल्व्ह मूळ खुणेवर आणल्यावर हवा साडेतेरा अंशांवर उतरली आणि रिटर्न १२ अंशांवर गेला. पाणी रिकामे करून पुन्हा भरले, की व्हेंट उघडून पाण्याची अखंड धार येईपर्यंत थांबावे लागते. तशी सूचना ऑइल पेंटने एएचयूच्या दारावर लिहिली आहे, आणि कंपनीचे ‘इन’चे लेबल मात्र पत्र्यापर्यंत खरवडून काढले आहे.