भावाचं रक्त, तिची जीभ

परळच्या आमच्या दवाखान्यात जिभेवर चट्टा घेऊन येणारे बहुतेक जण तंबाखू, गुटखा नाहीतर मिशरीवाले. ही मुलगी मात्र पंचविशीची, सोबत आई. जिभेच्या डाव्या कडेला पांढरट, मध्येच लालसर चट्टा. महिनाभर बी-कॉम्प्लेक्स आणि मलम चालू होतं. "तोंड आलंय म्हणाले सगळे," आई सांगत होती. "सुपारीचं खांडसुद्धा कधी खाल्लं नाही हिने, डॉक्टर."

केसपेपरवर सही करताना तिचा अंगठा दिसला. बारीक, जेमतेम वाढलेला. उंचीही कमी. लहानपणी काही मोठं दुखणं?

"फॅन्कोनी ॲनिमिया होता, पण ते बरं झालं. नवव्या वर्षी भावाचा बोनमॅरो दिला. तेव्हापासून रक्ताचे रिपोर्ट छान."

बायॉप्सी त्याच दिवशी घेतली.

या आनुवंशिक आजारात डीएनएचे दोन धागे एकमेकांना चिकटले, तर पेशींना ते नीट सोडवता येत नाहीत. आधी बोनमॅरो, म्हणजे हाडांमधला रक्त तयार करणारा मगज, थकतो, म्हणून १९२७ साली ग्विडो फॅन्कोनींनी याची नोंद केली तीही रक्ताचा आजार म्हणूनच. बोनमॅरो बदलला की रक्त सुधारतं. तोंडातल्या पेशी मात्र जन्मापासूनच्याच राहतात. तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरचा धोका इतरांपेक्षा कित्येक शे पट, तोही विशी-तिशीत, तंबाखूशिवाय. प्रत्यारोपणानंतर दात्याच्या पेशी शरीराशी झगडल्या, तर धोका आणखी वाढतो.

रिपोर्ट आला: कॅन्सर, सुरुवातीचा. मला खरी भीती पुढच्या उपचारांची होती. सिस्प्लॅटिन हे नेहमीचं औषध डीएनएचे धागे चिकटवूनच काम करतं. हिच्या शरीराला ते झेपणार नाही, रेडिएशनही धोक्याचं. चिठ्ठीवर आजाराचं नाव लाल शाईने सगळ्यात वर लिहिलं, सर्जनना फोनही केला. शस्त्रक्रियेत गाठ पूर्ण निघाली, मानेतल्या ग्रंथी स्वच्छ होत्या. रेडिएशन टळलं.

आई मात्र संतापली होती. "इतकी वर्षं रक्त तपासत राहिलो. तोंड बघायला हवं, हे आम्हाला कुणी सांगितलं का?"

तिचा राग रास्त आहे. या मुलांचं तोंड दहाव्या वर्षाच्या आसपासपासून दर सहा महिन्यांनी तपासायला हवं, आणि हे प्रत्यारोपणानंतर घरी सोडतानाच कार्डावर लिहून द्यायला हवं. असं कार्ड हाती असतं, तर या घराने एकही तपासणी चुकवली नसती, याची मला खात्री आहे.

आता ती दर दोन-तीन महिन्यांनी येते. नव्या जागी पुन्हा कॅन्सर होण्याचा धोका कायम आहे. परवा उजव्या गालात आतून पांढरी रेघ दिसली. ब्रशने पेशी घेऊन तपासायला पाठवल्या आहेत.