फिलाडेल्फियात हृदयाच्या आत आणि बाहेर

न्यू जर्सीतल्या एडिसनहून फिलाडेल्फिया गाडीने सव्वा-दीड तास, त्यामुळे सांगलीहून आत्या आली तेव्हा ही ट्रिप ठरलेलीच होती. आनंदीबाई जोशी याच शहरात शिकून १८८६ साली डॉक्टर झाल्या हे तिला तोंडपाठ, तेव्हा हौस माझ्यापेक्षा तिलाच जास्त. लिबर्टी बेलपाशी फोटो झाले (घंटा बघायला एवढी रांग का लावतात देव जाणे) आणि आम्ही फ्रँकलिन इन्स्टिट्यूट या विज्ञान संग्रहालयात पोचलो.

इथलं जायंट हार्ट, म्हणजे आत शिरून फिरता येतं असं हृदयाचं मॉडेल, बघायचं होतं. डॉ. मिल्ड्रेड फायफर बाईंच्या डोक्यातून निघालेलं हे प्रकरण १९५४ चं, तेव्हा लाकूड, तारेची जाळी आणि कागदाचा लगदा वापरून केलेलं आणि ठेवायचं होतं म्हणे काही महिनेच, पण लोकांना इतकं आवडलं की नंतर फायबरग्लासचं झालं आणि अजून आहे. दोन मजली उंच. एवढं हृदय ज्याच्या छातीत मावेल तो माणूस २२० फुटी असायला हवा.

आत फिरायचं ते रक्ताच्याच वाटेने. अंगभर फिरून ऑक्सिजन संपलेलं रक्त उजव्या अलिंदात (वरच्या कप्प्यात) येतं, खाली उजव्या निलयात (खालच्या कप्प्यात) उतरतं, तिथून फुफ्फुसात जाऊन ताजंतवानं होऊन डाव्या अलिंदात, मग डाव्या निलयात आणि शेवटी महाधमनीतून बाहेर. जिने अरुंद, मागून शाळेची पोरं ढकलतायत, आणि सतत तो धडधड आवाज. हा आवाज झडपा मिटण्याचा असतो बरं का, पहिला आवाज अलिंद-निलयांमधल्या दोन झडपांचा, दुसरा बाहेर जाणाऱ्या मोठ्या धमन्यांच्या तोंडाशी असलेल्या दोघींचा. खऱ्या हृदयात उजव्या निलयाची भिंत जेमतेम ३ ते ५ मिलिमीटर आणि डाव्याची सेंटिमीटरभर, कारण उजव्याला रक्त शेजारच्या फुफ्फुसापर्यंतच ढकलायचंय आणि डाव्याला मेंदूपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत. एका ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर, म्हणजे मिनिटाला ५ लिटरच्या आसपास!

बाहेर पडल्यावर आत्याने विचारलं, "अगं, पण माझं ब्लॉकेज यातल्या कुठल्या कप्प्यात होतं?"

तिची बायपास झालीय. मी तिला पुढच्या बाजूला नेलं, "आत्या, ते आत नव्हतंच, हे बघ इथे बाहेर." महाधमनी जिथे सुरू होते तिथेच, झडपेच्या जरासं वर, तिला दोन फांद्या फुटतात, त्या हृदयाच्या पाठीपोटावरून पसरत जातात आणि हृदयाच्या स्नायूला रक्त देतात. कप्पे रक्ताने भरलेले असतात पण भिंतीला त्याचा फारसा उपयोग नाही, दुधाच्या टँकरच्या ड्रायव्हरला चहाला दूध विकतच घ्यावं लागतं तसलं काहीतरी. या धमन्या सुरुवातीला ३-४ मिलिमीटर रुंद, पुढे आणखी बारीक. तिथे चरबी साठली की पलीकडचा स्नायू उपाशी. आपल्याकडे घरोघरी "हार्टमध्ये ब्लॉकेज" म्हणतात आणि सगळ्यांच्या डोळ्यासमोर आतला कप्पाच येतो, डॉक्टर एक चित्र काढून दाखवतील तर काय बिघडेल?

आत्याच्या फाईलमध्ये लिहिलेली एलएडी म्हणजे यातलीच समोरून खाली उतरणारी धमनी, मी बोट दाखवलं तर तिने तिथेच सलवार वर करून पोटरीवरचा लांब व्रण दाखवला, "म्हणजे इथली शीर त्यांनी तिथे लावली?" हो, आणि तीसुद्धा उलटी करून, कारण पायातल्या शिरेत रक्त खाली घसरू नये म्हणून एकाच दिशेला उघडणाऱ्या झडपा असतात, सुलटी लावली तर त्या रक्ताला अडवतील. हे ऐकून शेजारचे एक गोरे आजोबा उगाचच हसले, त्यांना मराठी कळलं नसणार, पण व्रण ओळखीचा असावा.

"चल, आता परत आतून जाऊ, आता कळेल," आत्या म्हणाली आणि गेलीसुद्धा एकटीच. माझे गुडघे बोलायला लागले होते, मी बाकावर बसून घेतलं. तुम्ही जाणार असाल तर मोठी सॅक नेऊ नका, जिन्यात अडकते, आणि गर्दीचं म्हणाल तर वीकडेला शाळांच्या सहली आणि वीकेंडला फॅमिल्या, ती काही चुकत नाही.