तुम्ही विचारलंत म्हणून: लडाखला महिना कशाला लागतो?

मी इंदूरहून एकटीच मोटरसायकलवर लडाखला जाते आणि महिनाभराने परतते. लग्नकार्यात, गणपतीच्या आरतीनंतर, पेट्रोल पंपावर रांगेत उभी असताना लोक मला हेच विचारतात. परवा आमच्या रामबागेतल्या एका मुलाने विचारलं, "काकू, आमचा ग्रुप इंदूरहून निघून बारा दिवसांत लेह, नुब्रा, पँगाँग सगळं करून परत येतोय. तुम्हाला महिना का लागतो?" आणि लगेच पुढचं, "सोबत कुणाला का नेत नाही?" दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे. उभ्या उभ्या सांगून ते पटत नाही, म्हणून लिहायला घेतलं.

महिना रस्त्याला लागत नाही. ए. बी. रोडला लागलं की शिवपुरी, ग्वाल्हेर, आग्रा करत दिल्ली येते. पुढे अंबाला, पठाणकोट, जम्मू. माझी हिमालयन मोटरसायकल ४११ सीसीची आहे, हे अंतर ती सहज कापते. दिवस लागतात ते उंचीला. आपलं इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर, लेह ३,५०० मीटरवर. पँगाँग ४,२५० च्या आसपास, त्सो मोरीरी आणि त्सो कार ही तळी ४,५०० च्याही वर. पाच हजार मीटरवर हवेचा दाब इथल्या निम्म्याच्या जरा वर असतो, म्हणजे एका श्वासात मिळणारा प्राणवायूही तेवढाच. गाडीतली फ्युएल-इंजेक्शन यंत्रणा हवा विरळ झाली की पेट्रोल आपोआप कमी सोडते, गाडीची ओढ घटते, पण ती चालत राहते. शरीरालाही जुळवून घेता येतं, मात्र त्याला मुक्काम लागतात. आधी श्वास वाढतो, मग मूत्रपिंडं रक्तातले क्षार जुळवून घेतात, तांबड्या पेशी तर त्यानंतर सावकाश वाढतात. व्यायामशाळेत कितीही घाम गाळला तरी यातलं काही लवकर होत नाही.

म्हणून डॉक्टरांचा साधा नियम आहे. ३,००० मीटरच्या वर गेलात की झोपायची जागा एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त चढवायची नाही, आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र तिथेच काढायची. नियम झोपण्याच्या जागेचा आहे. खारदुंगला ही खिंड (तिकडे 'ला' म्हणजे खिंड) पार करून त्याच दिवशी खाली उतरलात तर शरीर बहुतेक वेळा निभावून नेतं. रात्र वर काढली की ते हिशेब मागतं.

आपल्या सेनेने हे फार मोठी किंमत देऊन शिकलं. १९६२ मध्ये मैदानी भागातल्या जवानांना घाईघाईने उंचीवर चढवावं लागलं आणि फुप्फुसात पाणी भरून माणसं आजारी पडली. सेनेतले डॉक्टर इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला. १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखात १,९२५ जवानांची नोंद आहे, आणि उंचीच्या आजारावर जगात कुठेही लिहिताना त्याचा दाखला आजही देतात. सेनेचं वेळापत्रकही ठरलेलं आहे: २,७०० ते ३,६०० मीटरसाठी सहा दिवस, तिथून ४,५०० पर्यंत आणखी चार, त्याच्या वर जायचं तर आणखी चार. चौदा दिवस झाले. ही विशीतली, रोज धावणारी पोरं आहेत. त्यांना चौदा दिवस देतात आणि आपण खुर्चीवरून उठून आठवड्याच्या आत पँगाँगच्या काठी तंबूत झोपायला निघतो. हे धाडस आहे असं मला कुणी सांगितलं तर मी मान्य करणार नाही.

माझा रस्ता यातूनच ठरला. मी श्रीनगरकडून चढते आणि मनालीकडून उतरते. सोनमर्ग २,७०० मीटर. झोजिला ३,५२८ मीटरवर ओलांडायचा आणि कारगिलला झोपायचं, ते पुन्हा २,७०० च्या आतच. फोटूला ४,१०८ मीटर, पण तो पार करून लामायुरूला ३,५०० वर यायचं. दिवसा वर, रात्री खाली, हे तो रस्ता स्वतःच करून घेतो. लेहमध्ये मी इतकी रेंगाळते की घरमालकीण मला भाजी निवडायला बसवते. मग तांगत्से, मग पँगाँग, चुशूलमार्गे त्सो मोरीरी, शेवटी त्सो कार.

मनालीकडून चढणाऱ्यांचं गणित उलटं पडतं. जिस्पा ३,२०० मीटरवर, आणि पुढचा मुक्काम बहुतेकांचा सर्चूला, ४,२९० वर. एका दिवसात अकराशे मीटर. रात्री डोकं ठणकायला लागलं तर उतरणार कुठे? मनालीकडे परतायचं तर आधी बारालाचाची खिंड चढायची, लेहकडे जायचं तर नकीला आणि लाचुंगला या दोन खिंडी. उंचीच्या आजाराला खरं औषध एकच, खाली उतरणं, आणि सर्चूहून खाली जाणारा रस्ता आधी वर जातो. उंचीच्या त्रासावर घेतात त्या डायमॉक्सच्या गोळीबद्दल तुमच्या डॉक्टरांशी जरूर बोला, पण ती घेऊन मुक्काम गाळू नका.

आता एकटीचं. ग्रुपमध्ये ज्याचं डोकं दुखत असतं तो बोलत नाही. हॉटेल आधीच घेतलेलं असतं, सुट्टी मोजकी असते, आपल्यामुळे सगळ्यांचा खोळंबा नको असं त्याला वाटतं. बिचारा गोळी घेतो आणि चालू पडतो. मी पुढचं काहीच बुक करत नाही. भूक मेली, मळमळलं, झोप लागली नाही, तर दुसऱ्या दिवशी गाडीची चेन साफ करते, ऑइल देते, मेतकूट-भात खाते आणि तिथेच राहते. (भात कुकरमध्येच. ४,२०० मीटरवर पाणी ८६ अंशांच्या आसपास उकळतं, साध्या पातेल्यात तांदूळ शिजता शिजत नाही.) एकटीला धोका आहे तो वेगळाच: मेंदूवर परिणाम झाला तर ते आपलं आपल्याला कळत नाही. त्यासाठी रोज संध्याकाळी जमिनीवरची एखादी सरळ रेघ धरून टाचेला अंगठा लावत पावलं टाकते. तोल गेला तर उतरायचं, हे इंदुरातच ठरवलेलं असतं. मुक्कामाच्या घरीही सांगून ठेवते की सकाळी उठले नाही तर दार वाजवा. आणि सिम पोस्टपेड ठेवा, बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड लडाखमध्ये चालत नाही.

ही चाचणी एकदा दुसऱ्यावर करायची वेळ माझ्यावर आली. पांगच्या एका ढाब्यावर चहाला थांबले होते. मनालीकडून आलेला एक ग्रुप उतरला. त्यातल्या एका मुलाला हेल्मेटचा पट्टा सोडवता येईना. बोटं बक्कलवर फिरत होती, पण बटण सापडत नव्हतं. शेवटी तो हेल्मेटसकटच बसून राहिला. मित्र म्हणाले, थकलाय, सकाळपासून उलट्या होताहेत. काळजी करणारीच मुलं होती, पण थकवा आणि हे यांतला फरक त्यांना कुणी सांगितला नव्हता. मी त्याला उभं केलं आणि ढाब्याच्या ताडपत्रीच्या कडेने टाचेला अंगठा लावून चालायला सांगितलं. तिसऱ्या पावलाला तो माझ्या अंगावर आला. पांगला सेनेचा तळ आहे. तिथे नेल्यावर त्याला लगेच ऑक्सिजन लावला आणि मग गाडीत घालून खाली पाठवलं. नंतर त्याच्या मित्राचा फोन आला, बरा आहे म्हणून. तेव्हापासून कुणी विचारलं की मी आधी ही टाच-अंगठ्याची चाल करून दाखवते, गाडीबद्दल नंतर बोलते.

पण सगळं आजाराच्या भीतीने नाही. एवढे दिवस राहिल्याशिवाय तळी दिसत नाहीत. पँगाँगचा निळा रंग अर्ध्या तासात दिसतो, कबूल. त्सो कारला तेवढं पुरत नाही. कडेला मिठाचा पांढरा थर, पाय टाकला की करकरतो. तिथले चांगपा मेंढपाळ पूर्वी हे मीठ गोळा करून विकायला नेत. दुपारी वारा सुटतो आणि डोळे उघडे ठेवता येत नाहीत, म्हणून पहाटे जायचं. जुलैच्या सुरुवातीला मला तिथे काळ्या मानेच्या क्रौंचांची जोडी दिसली, मधे बदामी रंगाचं एक पिल्लू. एक पक्षी दलदलीत चोच खुपसून काहीतरी उकरायचा, बाजूला व्हायचा, आणि पिल्लू त्या खळग्याशी धावायचं. दुसरा पूर्ण वेळ मान ताठ करून उभा. सकाळभर त्यांनी जागा फारशी बदलली नाही आणि मीही नाही. इंदूरजवळच्या आपल्या यशवंतसागर तलावावर सारस क्रौंच बघत मोठी झालेली मी, दुर्बीण खाली ठेवायला तयार नव्हते. एक विनंती मात्र करते. तिथे तंबूबाहेर उष्टं टाकू नका. उष्ट्यावर भटकी कुत्री वाढतात आणि तीच या क्रौंचांची अंडी आणि पिल्लं खातात.

तर, रामबागेतल्या त्या मुलाला आणि तुम्हालाही: बारा दिवसच असतील तर या खेपेला लेह सोडा आणि मनालीपलीकडच्या लाहौलला जा. इंदूर ते मनाली जाण्यायेण्यातच निम्मे दिवस जातात, उरलेले लाहौलला पुरतात. मनालीहून नऊ किलोमीटरच्या अटल बोगद्यातून पलीकडे निघायचं, पहिली रात्र केलांगला. वाटेत तांडीला चंद्रा आणि भागा एकमेकींना मिळतात, तिथे थांबा. तिथल्याच पंपावर पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याची ती प्रसिद्ध पाटी आहे. टाकी भरा, तुम्हाला तेवढं जायचं नाही. मग जिस्पाला दोन रात्री. तिथून एका दिवसात दीपकताल आणि बारालाचाच्या अलीकडचं सूरजताल बघून परत जिस्पालाच झोपायचं. भागा नदी सूरजतालातूनच निघते. निघायचं मात्र उजाडताच. वाटेतले नाले बर्फाच्या पाण्याचे आहेत, ऊन चढलं की त्यांचं पाणी चढतं. सकाळी घोट्याएवढं असलेलं पाणी दुपारी गुडघ्याला लागतं. पहिल्या गिअरमध्ये, क्लच न दाबता, नजर पलीकडच्या काठावर ठेवून गाडी काढायची. आणि डोकं दुखत असेल त्याने पहिल्याच दिवशी सांगायचं, हे इथून निघायच्या आधी सगळ्यांसमोर ठरवून घ्या.